आमी नाय जानार : मोऱ्याच्या टेबलावरचा एक खेळ

या मालिकेत आजवर पुस्तकांवर बोलणं झालं, नाटकांवर झालं, सिनेमावरही झालं. आज ज्यावर बोलायचं आहे त्याला पुस्तक नाही, तिकीट नाही आणि खरं सांगायचं तर प्रेक्षकही नाहीत. उरणजवळच्या मोऱ्याला एका घराच्या माडीवर, हिवाळ्यातल्या एका रविवारी, सहा मित्रमैत्रिणी टेबलाभोवती बसून साडेचार तास एक खेळ खेळले. आम्ही बाजूला बसून ऐकत होतो, टिपणं घेत होतो. खेळणाऱ्यांची परवानगी होती. अट एकच, की नावं घ्यायची नाहीत. म्हणून आज ही मंडळी त्यांच्या पात्रांच्या नावांनीच तुमच्यासमोर येतील.

ज्यांना हा प्रकार ठाऊक आहे त्यांनी दोन मिनिटं धीर धरावा. एक जण खेळ चालवतो. तो जगाचं वर्णन करतो: समोर खाडी आहे, पलीकडे डोंगर आहे, डोंगरात गुहा आहे. बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेऊन बसलेले असतात. खेळ चालवणारा विचारतो, ‘तुम्ही काय करता?’ आणि ते सांगतात. जे सहज जमण्यासारखं आहे ते जमतं. जिथे शंका आहे तिथे फासा टाकायचा. हा फासा आपल्या सहा बाजूंच्या फाशासारखा नाही, त्याला वीस बाजू असतात. एवढंच आहे. कोणी जिंकत नाही, कोणी हरत नाही. गोष्ट पुढे जाते आणि पुढच्या बैठकीला तिथून सुरू होते. इंग्रजीत खेळ चालवणाऱ्याला ‘डंजन मास्टर’ म्हणतात. मोऱ्याच्या टेबलावर त्याला ‘तांडेल’ म्हणतात. होडी नाखव्याची, पण समुद्रात ती कुठे न्यायची हे तांडेल ठरवतो. इथे नाखवा म्हणजे नियमपुस्तक छापणारी कंपनी, असं त्यांचं म्हणणं. (हशा)

आता कोणी विचारेल, मित्रांच्या फावल्या वेळच्या खेळाची कसली समीक्षा? आमचं उत्तर असं, की बोलता बोलता रचल्या जाणाऱ्या प्रकारांचं मराठीला वावडं कधीच नव्हतं. सिंधुदुर्गातला दशावतार बघा. कंपनी गावात येते, पेटारा उतरतो, रात्री आख्यान कोणतं लावायचं ते ठरतं, कोण काय होणार हे वाटून दिलं जातं आणि लिखित संहितेशिवाय पहाटेपर्यंत नाटक उभं राहतं. तमाशातल्या बतावणीचंही तसंच. तिथला जाणकार प्रेक्षक काय बघतो? कथा त्याला पाठ असते. तो बघतो जबाब. समोरच्याने टाकलेल्या वाक्याला यानं काय उत्तर दिलं, उत्तरात दम होता का, की नुसता वेळ काढला. ही कसोटी आपल्याकडे तयार आहे. ती आम्ही या टेबलाला लावणार आहोत.

एक फरक मात्र आधीच सांगून ठेवतो. दशावतारात राक्षस शेवटी मरणार हे सगळ्यांना माहीत असतं. राक्षसाचं काम करणाऱ्याला तर सगळ्यात आधी. इथे शेवट कोणालाच माहीत नाही, तांडेलालाही नाही. म्हणून दशावतारातलं उत्तर रंगत वाढवतं, आणि इथलं उत्तर गोष्टीची दिशाच बदलू शकतं. तशी ती बदलली का, हाच आजचा प्रश्न.

थोडा इतिहास. तो सोडून पुढे गेलो तर मोऱ्याला काय घडलं त्याचं महत्त्व कळणार नाही. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ 1974 साली अमेरिकेत आला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन या दोघांचा. पहिली आवृत्ती होती हजार प्रतींची. पण त्याच्या पाच वर्षं आधी, 1969 मध्ये, मिनेसोटातल्या डेव्हिड वेस्ली नावाच्या तरुणानं एक वेगळाच प्रयोग केला होता. तेव्हा टेबलावर नेपोलियनच्या काळातल्या लढाया खेळल्या जायच्या, छोट्या सैनिकांच्या बाहुल्या मांडून. वेस्लीनं ठरवलं, या वेळी दोन सैन्यांच्या मध्ये सापडलेलं एक गाव घेऊ. गावाचं नाव ब्राउनस्टाइन. सेनापती दोघेच, आणि खेळाडू तर बरेच जमलेले. मग उरलेल्यांना त्यानं गावातली माणसं दिली: कोणी नगराध्यक्ष, कोणी सावकार, कोणी विद्यापीठाचा कुलपती. झालं असं, की लढाई बाजूलाच राहिली. गावातली माणसंच एकमेकांशी बोलत सुटली, खलबतं करू लागली, वेस्लीच्या मागे लागून ‘मी आता हे करतो’, ‘मी ते करतो’ म्हणू लागली. वेस्लीला वाटलं प्रयोग फसला. खेळाडू म्हणाले, पुन्हा कधी? त्या खेळाडूंमध्ये आर्नसन होता.

म्हणजे या साऱ्या प्रकाराचं मूळ तलवारीत नाही, गावात आहे. लढाई गावावर येते आहे, आणि गावातल्या माणसांना काहीतरी करायचं आहे.

पुढे काय झालं? 1979 साली गायगॅक्सनं नवशिक्यांसाठी एक तयार मोहीम लिहिली, ‘द कीप ऑन द बॉर्डरलँड्स’. जगभरातल्या एका पिढीनं खेळ शिकला तो याच्यावरून. रचना साधी. सरहद्दीवर एक गढी, थोड्या अंतरावर गुहा, गुहांत राक्षसी टोळ्या. गढीत राहायचं, गुहेत जायचं, मारायचं, लुटायचं, परत यायचं. आता यातल्या दोन गोष्टी आम्हाला मुद्दाम सांगायच्या आहेत. पहिली : गढीतल्या एकाही माणसाला नाव नाही. किल्लेदार, धर्मगुरू, लोहार, सराफ, सगळे हुद्द्यानं ओळखायचे. लेखकाची कल्पना अशी, की नावं ज्यानं त्यानं घालावीत. दुसरी : गुहांमध्ये नुसते लढणारे नाहीत, त्यांच्या बायका आहेत, पोरं आहेत, त्यांची संख्याही दिलेली आहे. ती लेकरं खेळाडूंसमोर आली तर काय करायचं, यावर पुस्तक गप्प. वेस्लीच्या खेळात गाव हाच खेळ होता. दहा वर्षांत त्याच गावाचा धर्मशाळेसारखा मुक्काम झाला. या खेळाच्या बहुतेक तयार मोहिमा आजही याच साच्यात येतात: गावावर संकट, गावकरी हतबल, चार परके येतात, बक्षीस ठरतं, मोहीम निघते.

मोऱ्याच्या तांडेलानं हाच साचा घेतला होता. त्यात आम्हाला गैर काही वाटत नाही; दशावतारी कंपन्याही जुनीच आख्यानं लावतात. त्यानं कागदावर नकाशा काढला होता. खाडीच्या तोंडाशी गाव, मागे डोंगर, डोंगराखाली समुद्राकडे उघडणारी गुहा, गुहेत पाण्यातले राक्षस. डोंगर बघताच एक जण म्हणाला, ‘हा तर द्रोणागिरी!’ तांडेल नुसता हसला. हनुमानाच्या हातून पडलेला तुकडा म्हणून उरणकर ज्याच्याकडे बोट दाखवतात तोच डोंगर, यात शंका नको. तर राजाचे दूत गलबतातून येतात आणि सांगतात: इथे राजाला मोठं बंदर बांधायचं आहे. गुहेतले राक्षस गलबतांना त्रास देतात, त्यांना संपवा. बंदर झालं की गावाला डोंगरापलीकडे नवी जागा मिळेल, घरामागे दहा मोहरा मिळतील.

तांडेलाच्या डोक्यात हे वाक्य म्हणजे निव्वळ प्रस्तावना होती. नवी जागा वगैरे त्यानं ओघात घातलं. पाच मिनिटांत मंडळी गुहेकडे निघतील, आणि संध्याकाळपर्यंत राक्षस संपतील, असा हिशेब. घड्याळाचाही हिशेब होता. दोघे जण मुंबईहून लाँचनं आले होते, आणि भाऊच्या धक्क्याची लाँच भरती-ओहोटी बघून सुटते. ओहोटीला मोऱ्याच्या धक्क्यापाशी गाळ एवढा वर येतो की लाँच लागतच नाही. तिसरा उरणच्या नव्या लोकलनं आलेला, त्याला घाई नव्हती.

‘तुम्ही काय करता?’ तांडेलानं विचारलं.

योद्धा म्हणाला, तलवार उचलतो. मांत्रिक म्हणाला, गुहेबद्दल ग्रंथात काय आहे ते आठवतो. भामट्यानं मोहरा आगाऊ मागितल्या. (हशा) इथपर्यंत सगळं साच्यातलं. आणि मग खलाशाचं पात्र घेतलेला मुलगा, तो मोऱ्याचाच, एवढंच बोलला: ‘आमी नाय जानार.’

तांडेलाला वाटलं, गुहेत जाणार नाही म्हणतोय. म्हणून त्यानं राक्षसांचं बळ जरा कमी करून सांगितलं. खलाशी पुन्हा म्हणाला, ‘गुहेचं नाय बोलत. गावाचं बोलतंय. आमी नाय जानार.’

इथून पुढचा सव्वा तास म्हणजे आमच्या मते ही बैठक. बाकीचा वेळ आधी आणि नंतर.

भाषेकडे लक्ष द्या. तोवर टेबलावर तीन भाषा चालू होत्या. नियम इंग्रजीत, वर्णन पुस्तकी मराठीत, चेष्टामस्करी हिंदी-मराठी मिसळून. आगरी-कोळी बोली फक्त चहा मागताना. पात्रांच्या तोंडी ती नव्हतीच. अद्भुताच्या जगात ‘ण’चा ‘न’ आणि ‘ळ’चा ‘ल’ चालत नाही, असा अलिखित नियम आपल्या सगळ्यांच्या डोक्यात असतो. राजकन्या प्रमाण मराठीत रडते, राक्षस प्रमाण मराठीत गरजतो. आम्ही ‘चांदोबा’ वाचून वाढलो, आम्हाला हे माहीत आहे. खलाशानं पहिल्यांदाच पात्राच्या तोंडून घरची बोली काढली. आणि लगेच काय झालं? दोन जण, जे तोवर ‘अटॅक’ आणि ‘स्पेल’ एवढंच बोलत होते, ते बोलते झाले. त्यांना खेळ येत नव्हता असं नाही. आपलं पात्र कोणत्या भाषेत विचार करतं हे ठरत नव्हतं. ‘तुम्ही काय करता?’ या प्रश्नाला परभाषेत उत्तर देताना माणूस पाठ केलेल्या कृतींपैकी एक निवडतो. मारतो, लपतो, मंत्र टाकतो. स्वतःच्या बोलीत तो नकार देऊ शकतो, टाळाटाळ करू शकतो, आडवं उत्तर देऊ शकतो. कृतींची यादी एकदम लांबते.

राजदूत आता अडचणीत आला. तांडेलानं त्याच्या तोंडी नेहमीची वाक्यं घातली : राज्याचं हित, नवी जागा अधिक उंचावर आहे, पूर येणार नाही. यावर धवलारीण पुढे आली. हे पात्र समजावून सांगायला हवं. इंग्रजी नियमांत ‘बार्ड’ म्हणून एक प्रकार असतो, गाण्यातून जादू करणारा. ते पात्र घेतलेल्या मुलीनं बार्डच्या जागी धवलारीण आणली. आगरी लग्नात धवले गाऊन विधी चालवणारी बाई ती. हा बदल कागदावर करमणुकीचा वाटतो, पण विचार करा : बार्ड भटका असतो, या दरबारातून त्या दरबारात. धवलारणीला गावातलं प्रत्येक घर माहीत असतं, कारण प्रत्येक घराचं लग्न तिनं लावलेलं असतं. ते पात्र घेऊन गाव सोडताच येत नाही.

ती दूताशी बोललीच नाही. तिनं तांडेलाच्या नकाशावरच्या पहिल्या चौकोनावर बोट ठेवलं आणि विचारलं, ‘त्या घरान कोन हाय?’

तांडेलाकडे उत्तर नव्हतं. त्यानं नकाशावर तेवीस चौकोन काढले होते आणि वर लिहिलं होतं ‘गाव’. गायगॅक्सच्या गढीसारखंच. पण विचारणारी समोर बसली होती. त्यानं एक म्हातारी सांगितली, जाळी विणणारी. बोट पुढच्या चौकोनावर गेलं. तिथे दोन भाऊ, एकमेकांशी न बोलणारे. पुढच्या चौकोनात कोण, हे खलाशानं सांगितलं. त्याच्या पुढचा चौकोन योद्ध्यानं घेतला आणि म्हणाला, ‘इथे माझी आत्या.’ लक्षात घ्या, योद्धा हे पात्र साच्याप्रमाणे परदेशातून आलेलं होतं, तासाभरापूर्वी त्याला गावाचं नावही माहीत नव्हतं. आता त्याची आत्या निघाली. तेवीस चौकोनांना माणसं मिळेपर्यंत पाऊण तास गेला. एकही फासा पडला नाही. भामट्यानं तेवढ्यात दहा मोहरांचा हिशेब पुन्हा केला: न बोलणाऱ्या दोन भावांचं घर एक धरायचं की दोन? दूताकडे याला उत्तर नव्हतं, आणि तांडेलाकडेही.

हा जबाब. दशावतारातल्या जुन्या जाणत्यानं मान डोलावली असती असा. गोष्टीतल्या नुसत्या पार्श्वभूमीला विचारलेला एक साधा प्रश्न, आणि त्यातून प्रस्तावनेचाच खेळ झाला. वेस्लीच्या ब्राउनस्टाइनला जे चुकून घडलं होतं ते इथे मागून घेतलं गेलं.

आता जे बोलायचं ते जपून बोलतो. हे टेबल उरण तालुक्यात होतं. ऐंशीच्या दशकात न्हावा-शेवा बंदरासाठी शेवा कोळीवाडा उठवला गेला. बंदर 1989 साली सुरू झालं. त्या लोकांना उरणजवळ जी जागा मिळाली तिला हनुमान कोळीवाडा म्हणतात. तिथल्या घरांना वाळवी लागली, आणि पुन्हा नीट पुनर्वसन करा ही मागणी दशकानुदशकं चालू राहिली. त्याआधी 1984 च्या जानेवारीत, दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या शेतकरी आंदोलनात, सिडकोच्या भूसंपादनाविरुद्ध, पाच माणसं पोलिसांच्या गोळीबारात गेली. हे तुमच्यापैकी अनेकांना आमच्यापेक्षा जास्त माहीत आहे. साडेचार तासांत यातलं एकही नाव टेबलावर कोणी उच्चारलं नाही. ना बंदराचं, ना सिडकोचं, ना गावाचं. कोणी डोळा मारला नाही, ‘कळलं ना कशाबद्दल आहे’ असं म्हटलं नाही. रूपक करायला बसले असते तर दहा मिनिटांत ते सपाट झालं असतं: दूत म्हणजे अमुक अधिकारी, राजा म्हणजे तमुक पक्ष. तसं झालं नाही, कारण त्यांना रूपक करायचंच नव्हतं. त्यांना तेवीस घरांत कोण राहतं ते ठरवायचं होतं.

मराठी कादंबरीच्या चर्चेत नेमाड्यांनी तीन प्रवृत्ती सांगितल्या, त्या इथे आठवतात. वास्तवाला भिडणारी ‘यमुनापर्यटन’ प्रवृत्ती, रंजनासाठी अद्भुतात रमणारी ‘मुक्तामाला’ प्रवृत्ती, आणि इतिहासात जाणारी ‘मोचनगड’ प्रवृत्ती. 1857, 1861 आणि 1871 अशी ती तीन पुस्तकं. या मांडणीचा एक परिणाम असा झाला, की अद्भुत म्हटलं की पळवाट, हे आपण गृहीत धरून बसलो. हळब्यांच्या ‘मुक्तामाले’बद्दल ते खरं असेलही. पण या बैठकीला कोणत्या खणात टाकणार? वरून बघितलं तर राक्षस, मंत्र, मोहरा, म्हणजे अस्सल मुक्तामाला. आत बघितलं तर पुनर्वसनाचा हिशेब चाललाय. आम्हाला तर असं वाटतं की राक्षस होते म्हणूनच तो हिशेब इतक्या मोकळेपणानं मांडता आला. त्याच सहा जणांना ‘विस्थापनावर बोला’ म्हटलं असतं तर तीच ती वाक्यं आली असती, जी आपण सगळेच सभांमध्ये बोलतो.

इथपर्यंत कौतुक झालं. आता जिथे बैठक घसरली तिकडे वळतो.

पहिली घसरण फाशानं केली. तेवीस घरं भरल्यावर धवलारणीनं दूताला सुनावलं, आणि तांडेल म्हणाला, ‘टाक फासा.’ वीस पडले. टेबलावर आरडाओरडा, टाळ्या, आणि दूत म्हणाला, ठीक आहे, गाव राहील, मी राजाला समजावतो. हा आनंद आम्हाला समजतो. वीस बाजूंच्या फाशावर वीस पडण्याची शक्यता शेकडा पाच. पण खेळाच्या नियमांतसुद्धा वीस पडले की हमखास यश, हे फक्त हल्ल्याच्या वेळी लागू असतं. मन वळवताना नव्हे. तरी जगभरची टेबलं तसंच खेळतात, कारण टाळ्यांची जागा कोणाला सोडवत नाही. इथे त्यानं घात केला. ज्या प्रश्नाला पाऊण तास घालवून वजन आलं होतं तो एका क्षणात सुटला. एका बाईच्या एका भाषणानं एक अधिकारी विरघळला! असा अधिकारी कोणी पाहिला असेल तर आम्हाला जरूर भेटवा. (हशा) त्यांच्यातलाच एक जण नंतर म्हणाला, फासा म्हणजे दैव, दैव कधी बाजूनं पडतं. पडतं, मान्य. पण दैवानं वारा वळावा, गलबत गाळात रुतावं. माणसाचा निर्णय दैवावर टाकला की त्या माणसाची सुटका होते. दूताला नाही म्हणू द्यायला हवं होतं. किंवा हो म्हणू द्यायचं आणि त्याची किंमत विचारायची. तो राजाला काय सांगणार? त्याची नोकरी राहणार का? ज्या टेबलानं जाळी विणणारी म्हातारी उभी केली त्याला दूताचं घरही उभं करता आलं असतं.

दुसरी गोष्ट लहान आहे, उरकून टाकतो. त्या सव्वा तासात मांत्रिकाला जवळजवळ काहीच करायला मिळालं नाही. त्याच्या कागदावर होत्या आगी, विजा, अदृश्य होणं. गाव न सोडण्याच्या कामी यातलं काही येत नाही. त्यानं तक्रार केली नाही, पण मोबाइल काढला. तांडेलानं त्याला विचारायला हवं होतं.

तिसरी घसरण मोठी आहे, आणि आजच्या बोलण्याचं खरं कारण तीच आहे.

दूत राजी झाला. घड्याळात दीड तास उरला होता. आता काय? तांडेलानं तयारी गुहेची केली होती. मंडळी खुशीत होती, हातात शस्त्रं होती. दूत म्हणाला, गाव राहील, पण राक्षसांचा बंदोबस्त करा, म्हणजे मला राजाला काहीतरी दाखवता येईल. आणि सगळे निघाले. खलाशीसुद्धा. धवलारीणसुद्धा. पुढचा तासभर खेळ झकास झाला, हे कबूल करायला हवं. ओहोटीला गुहेचं तोंड उघडं पडतं आणि भरतीला बुडतं, म्हणजे आत जायला ठरावीकच वेळ, हे तांडेलानं फार छान वापरलं. चिखलात कसं चालायचं हे खलाशानं बाकीच्यांना शिकवलं, तिवरांच्या मुळांना धरून. योद्ध्याला शेवटी तलवार चालवायला मिळाली, मांत्रिकानं मोबाइल ठेवला आणि आग लावली. राक्षस मेले. आतल्या बाजूच्या दालनात त्यांची पिल्लं होती, सात-आठ. जुन्या मोहिमांत असतात तशी. तांडेलानं सांगितलं, ती खालच्या भुयारातून पाण्यात निघून गेली. कोणी काही विचारलं नाही.

गुहा कोणाची होती? तांडेलाच्या स्वतःच्या वर्णनाप्रमाणे, गावाच्या आधीपासून त्यांची. ते गलबतांना त्रास का देत होते? गलबतं त्यांच्या दारात येत होती म्हणून. दीड तासापूर्वी ज्या पाच जणांनी ‘आमी नाय जानार’ म्हणून टेबल हलवलं होतं, त्यांनीच राजाच्या वतीनं एक वस्ती उठवली. त्याबदल्यात स्वतःचं गाव राखलं. धवलारणीचं बोट नकाशावरच्या तेवीस चौकोनांवरून फिरलं, गुहेच्या दालनांवर गेलं नाही. तिथेही चौकोनच होते, आणि त्यांवरही नाव नव्हतं.

यात खेळणाऱ्यांवर ठपका ठेवायचा नाही. साचा केवढा जबर आहे ते दाखवायचं आहे. हा खेळ छापणाऱ्यांनाही हे आता टोचू लागलेलं दिसतं. 2024 च्या नियमपुस्तकात ‘वंश’ हा शब्द काढून ‘प्रजाती’ असा अर्थ होईल तो शब्द घातला आहे. शब्द बदलला, ठीक. पण गुहा, टोळी, लूट ही मांडणी तशीच राहिली तर शब्दानं काय होणार? हा प्रश्न नियमांतून सुटत नाही, टेबलावरच्या जबाबातून सुटतो. त्या दिवशी तो जबाब पहिल्या अर्ध्यात सापडला आणि दुसऱ्या अर्ध्यात हरवला. दशावतारी आख्यानात हे घडूच शकत नाही, कारण तिथे राक्षसाचं काम करणारा नट समोर उभा असतो, त्याला स्वतःची वाक्यं असतात, तो नायकाला वाद घालून जेरीस आणतो आणि मगच मरतो. संकासुरावर तर लोकांचा जीव असतो. मोऱ्याच्या गुहेतल्या राक्षसांना एक वाक्य मिळालं नाही. तांडेल त्यांच्यासाठी नुसता गुरगुरला.

लाँचची वेळ झाली म्हणून बैठक तिथेच थांबली. पुढची बैठक व्हायची आहे. पिल्लं पाण्यात कुठे गेली, हे तांडेलानं ठरवलेलं नाही, असं तो आम्हाला धक्क्याकडे चालताना म्हणाला. ठरवू नकोस, ते टेबलावरच विचारलं जाऊ दे, एवढं आम्ही त्याला सांगितलं.

वेळ संपत आली आहे. एक प्रश्न लिहून आला आहे, तो घेतो: नियम मराठीत आणले पाहिजेत का? आमचं मत असं, की पुस्तक आधी भाषांतरित करून मग खेळायला बसू नये. शब्द टेबलावर लागतील तसे येतात. मोऱ्याला ‘हिट पॉइंट’ला ‘दम’ म्हणतात: ‘माझे सात दम उरले.’ फासा टाकून वाचण्याला ‘निभावणं’ म्हणतात. ‘इनिशिएटिव्ह’ म्हणजे कोणाची पाळी आधी, त्याला नुसतं ‘पाळी’ म्हणून बघितलं, हशा पिकला, मग ‘नंबर’वर आले. ‘आर्मर क्लास’ मात्र अजून अडलेला आहे. एकानं ‘चिलखत’ सुचवलं होतं. पण खलाशी म्हणाला, होडीवर चिलखत घालून कोण जातो, पडला तर तळाला जाईल. म्हणून सध्या ते ‘एसी’च आहे, आणि नवीन कोणी आलं की त्याला वाटतं खोलीतल्या थंड हवेबद्दल चाललंय.